सेन्सर बदलण्याआधी

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीमालकांचे दोन तट पडतात. एक तट गाडी सरळ गॅरेजला नेतो. दुसरा तट काही शे रुपयांचं ब्लूटूथ यंत्र स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खोचतो, मोबाइलवर कोड वाचतो, त्या कोडाच्या अर्थात ज्या सेन्सरचं नाव येतं तो ऑनलाइन मागवतो आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडतो. हा दुसरा तट वाढतो आहे, आणि त्याच्याविषयी गॅरेजवाल्यांच्या मनात अढीही वाढते आहे. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून दोघांना समोरासमोर बसवून त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकावं असं मला वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनाचे बरेचसे सेन्सर घरी बदलता येतात आणि बदलावेतही. पण सेन्सर खरोखर खराब आहे हे मोजून ठरल्यावरच. मोजणं स्वतःला जमत नसेल तर तेवढं काम मिस्त्रीकडून रीतसर पैसे देऊन करून घ्यावं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पाना फिरवण्याचे पैसे आपण मुकाट्याने देतो आणि तपासणी मात्र फुकटात व्हावी अशी अपेक्षा धरतो.

मालक : मिस्त्री, तुमच्यावर राग नाही, पण हिशेब बघा. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. छोट्या पेट्रोल गाडीचा काही शे रुपयांत मिळतो. कपलर काढायचा, पाना लावायचा, जुना काढून नवा बसवायचा. सर्व्हिस सेंटरला गेलो तर आधी तारीख घ्या, मग स्कॅनिंगचे पैसे, मग लेबर, वर जीएसटी, आणि बिलात अशा दोन-तीन गोष्टी ज्या मी मागितल्याच नव्हत्या. काम माझ्यासमोर होत नाही, काचेपलीकडे बसून राहायचं. जुना पार्ट मागितला तर कधी मिळतो, कधी नाही. गाडी माझी, तिचा कर मी भरला, विमा मी उतरवला, मग पाना माझ्या हातात का नको? आणि कोणता पार्ट गेलाय हे शोधायला आता जाणकार लागतोच कुठे? गाडी स्वतःच सांगते. कोड आला पी०११८, म्हणजे कूलंटचा सेन्सर. विषय संपला.

मिस्त्री : पाना तुमच्या हातात असायला माझी काहीच हरकत नाही, साहेब. बोल्ट खोलायला माझ्याकडचा पोरगा दोन-चार महिन्यांत शिकतो. पण गाडी सांगते म्हणता, तर ती काय सांगते ते पूर्ण ऐका. पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटवर व्होल्टेज जास्त दिसतंय, एवढंच. सेन्सर आतून तुटला तरी ते दिसेल. वायर तुटली तरी दिसेल. कपलरमधली पिन मागे सरकली, पावसाचं पाणी जाऊन ती हिरवी पडली, रात्री उंदरानं वायर कुरतडली, तरी कोड हाच येणार. तुम्ही सेन्सर बदलता, कोड पुसता, दिवा दोन दिवस विझतो आणि परत लागतो. मग गाडी माझ्याकडे येते. तोवर कपलरचं लॉक तुटलेलं असतं आणि पहिल्या वेळी गाडीनं जे नोंदवून ठेवलेलं असतं ते तुम्ही पुसून टाकलेलं असतं. आता मला सुरुवात शून्यापासून.

मिस्त्रीच्या या उत्तरात सगळ्या वादाचं मर्म आहे. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही स्वनिदानाची पद्धत सक्तीची झाली, त्यामागचा मूळ हेतू प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा होता. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, आपल्याकडे येणारा प्रत्येक आकडा ठरलेल्या हद्दीत आहे का ते पाहत असतो. आकडा हद्दीबाहेर गेला की तो त्या वायरीच्या नावाने कोड लिहितो. वायरीच्या दुसऱ्या टोकाला काय घडलं हे त्याला दिसत नाही, आणि तसा त्याचा दावाही नसतो. दावा आपण करतो, कोडाचं अर्धं वाक्य वाचून. कूलंटच्याच घरातला दुसरा कोड घ्या, पी०१२८. त्याचा अर्थ असा की इंजिन चालू होऊन बराच वेळ झाला तरी कूलंट अपेक्षेइतकं तापलेलं नाही. बहुतेक वेळा यात दोष थर्मोस्टॅटचा निघतो. तो उघडा अडकलेला असतो आणि पाणी रेडिएटरमधून सतत फिरत राहून थंड होत राहतं. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. इथे सेन्सर बदलला तर नवा सेन्सरही तेच खरं सांगेल आणि दिवा परत लागेल.

याहून जास्त फसवणूक पी०१७१ या कोडात होते. त्याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, त्यामुळे पुष्कळ लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलून मोकळे होतात, आणि तो काही शे रुपयांत येत नाही, हजारांत येतो. हा सेन्सर बॉशने १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांतून पहिल्यांदा बाजारात आणला, तेव्हापासून त्याचं काम एकच आहे : जळून बाहेर पडलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते सांगणं. जुन्या साध्या प्रकारात तो सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होत राहतो. कमी व्होल्टेज म्हणजे पातळ मिश्रण, जास्त म्हणजे जाड. आता मिश्रण पातळ का झालं, हे शोधायला त्याच स्वस्त यंत्रावर एक आकडा दिसतो, फ्युएल ट्रिम. ईसीयू आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते तो आकडा सांगतो. तो दहाच्या आत असला तर सहसा चिंता नसते. गाडी उभी असताना, आयडलला तो वीस-पंचवीसवर असेल आणि अॅक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं की खाली येत असेल, तर संशय फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपवर घ्यायचा. कारण भोक तेवढंच राहतं पण इंजिन ओढत असलेली एकूण हवा वाढली की त्या चोरट्या हवेचा वाटा घटतो. उलट आयडलला आकडा बरा आणि घाटात, ओझ्याखाली वाढत जाणारा असेल, तर पेट्रोलचा पुरवठाच कमी पडतोय, म्हणजे पंप किंवा फिल्टरकडे बघायचं. या दोन्ही प्रसंगांत ऑक्सिजन सेन्सर निर्दोष आहे. ज्याने हा आकडा न बघता सेन्सर मागवला, त्याने हजारो रुपये खर्चून खऱ्या साक्षीदाराला घरी पाठवलं.

मालक : हे पटतं. पण मिस्त्री, मग हेच गॅरेजात तरी होतं का? मी 'नवा लावून बघू' हे वाक्य गॅरेजांतच ऐकत आलो. आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग सेन्सर, मग म्हणतात वायरिंगमध्ये लोचा असेल. प्रत्येक पार्टचे पैसे माझे. अंदाजच करायचा असेल तर तो मी घरी स्वस्तात करीन.

मिस्त्री : बोललात ते खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्याचं कारण ऐका. एखादी वायर कुठे तुटली हे शोधायला मला दोन-दोन तास लागतात. मीटर लावायचा, हार्नेसची टेप सोडायची, एकेक वायर हलवून बघायची. शेवटी सापडतं काय, तर एक सैल पिन. ती मी दाबून बसवली आणि दोन तासांचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, 'काहीच तर बदललं नाही, कसले पैसे?' तेच मी सेन्सर बदलून बिल दिलं तर निमूट देतात. पार्ट हातात दिसतो ना! मग पोरं काय शिकतात? शोधू नका, बदला.

मालकाची तक्रार आणि मिस्त्रीचा खुलासा एकत्र ठेवले की एक साधी आर्थिक गोष्ट उघड होते. ज्या कामाला भाव नाही ते काम बाजारातून नाहीसं होतं. आपल्याकडे गॅरेजची कमाई पार्टवरच्या नफ्यातून आणि 'लेबर' नावाच्या एका ढोबळ आकड्यातून येते. तपासणी हा बिलातला स्वतंत्र, मानाचा रकाना फार थोड्या ठिकाणी असतो. परिणामी चांगला शोधणारा मिस्त्री तोट्यात जातो आणि भराभर पार्ट बदलणारा फायद्यात. घरी काम करणारा मालक या व्यवस्थेवर चिडून बाहेर पडतो खरा, पण तिचाच सगळ्यात वाईट भाग, न मोजता बदलण्याची सवय, सोबत घेऊन येतो. म्हणून घर विरुद्ध गॅरेज ही वाटणी मला खोटी वाटते. खरी वाटणी मोजणारे आणि अंदाज करणारे यांच्यात आहे, आणि दोन्ही जातीचे लोक दोन्हीकडे आहेत.

घरी मोजता येतं का, हा पुढचा प्रश्न. येतं, आणि कूलंट सेन्सरच्या बाबतीत तर फारच नीट येतं. म्हणून ते जवळून पाहू. हा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर, तापला की ज्याचा विद्युतरोध घटतो. खोलीच्या तापमानाला बहुतेक गाड्यांत तो दोन-तीन हजार ओहम असतो, आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. ईसीयू त्याला आतल्या एका रोधातून पाच व्होल्ट पुरवतो आणि मधल्या व्होल्टेजवरून तापमान ताडतो. पहिली तपासणी बिनखर्चाची. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन करा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, कारण रात्रभरात सगळं इंजिन हवेइतकंच थंड झालेलं असतं. पुण्यातल्या थंडीच्या सकाळी हवा १५ आणि कूलंट ५५ दाखवत असेल, तर सेन्सरच्या बाजूने कुणीतरी खोटं बोलतंय. ही तपासणी महत्त्वाची, कारण वायर पूर्ण तुटली तर ईसीयू लगेच ओळखतो, ठरावीक आकडा धरून चालतो आणि खबरदारी म्हणून पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरवत ठेवतो. पण सेन्सर हद्दीत राहून थोडंसं खोटं बोलत असेल, तर दिवा लागेलच असं नाही. इंजिन तापलेलं असूनही तो थंड सांगत राहिला की पेट्रोल जास्त जातं, अॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि कोड मात्र एकही नसतो.

दुसरी तपासणी वायरीची. कपलर काढला की मोबाइलवर आकडा बहुतेक गाड्यांत उणे ४० वर जातो. आता कपलरच्या दोन पिनांमध्ये, इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना, एक छोटी वायर जोडली की तो वर झेपावून सव्वाशे-दीडशे अंशांच्या घरात जायला हवा. असं झालं तर ईसीयूपासून कपलरपर्यंतची वायर ठणठणीत आहे आणि दोष सेन्सरमध्ये किंवा पिनांच्या पकडीत आहे. उणे ४० वरच अडून राहिला तर दोष वायरीत, आणि नवा सेन्सर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. हे दोन पिनांच्या सेन्सरचं गणित आहे. तीन-चार पिनांच्या कपलरमध्ये आकृती हाताशी नसताना वायर जोडू नये, चुकीच्या पिनांवर जोडली तर ईसीयूला धोका. तिसरी तपासणी मल्टिमीटरने : सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजा, आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडा. एवढं केल्यावर ज्याने सेन्सर मागवला, त्याला घरी बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे असं मी म्हणेन, आणि त्याचं काम पुष्कळ गॅरेजांतल्या कामापेक्षा सरस असेल.

बदलण्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. इंजिन पूर्ण गार हवं. गरम कूलंट दाबाखाली असतं आणि सेन्सर सैल करताच अंगावर उडतं, ते भाजणं साधं नसतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, थोडं कूलंट सांडेल तर खाली भांडं ठेवा, कारण ते विषारी असून चवीला गोड असतं आणि पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात. नवी सील किंवा वॉशर वापरा, आधी हाताने आटे लावून मगच पाना घ्या, अॅल्युमिनियमचे आटे जोर केला की जातात. जुन्या गाड्यांतल्या एका वायरीच्या सेन्सरवर टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. मग त्याच जातीचं कूलंट भरून आतली हवा काढा, आणि इंजिन तापेपर्यंत आकड्यावर नजर ठेवा.

मिस्त्री : हे सगळं बरोबर, पण साहेब, तुम्ही सोपा सेन्सर निवडला. क्रँक सेन्सर घ्या. गाडी हायवेवर अर्धा तास चालते आणि धाडकन बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की सुरू. घरी येऊन थंड गाडीवर मीटर लावला तर आकडे सगळे बरोबर. तुमची तपासणी पास आणि गाडी रस्त्यावर नापास. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी असतो, गाडी उचलल्याशिवाय हात जात नाही. लोक टायर बदलायच्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरतात. ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. स्टँड नसेल तर गाडीखाली जाऊ नये, यात दुसरं मत नको. आणि तापल्यावरच उमटणारा दोष थंडपणी मोजून सापडत नाही हेही खरं. तरी एक गोष्ट घरीही दिसू शकते. गाडी बंद पडल्यावर लगेच, सुरक्षित जागी, सेल्फ मारत असताना मोबाइलवर आरपीएम वाचा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य, तर क्रँकचा सिग्नल येत नाही असा संशय बळावतो. पण तो सेन्सरमुळे, वायरीमुळे की ज्या दातेरी चकतीकडे पाहून सेन्सर मोजतो तिच्या मोडलेल्या दातामुळे, हे ठरवायला ऑसिलोस्कोप आणि अनुभवी डोळा लागतो. तिथे मालकाने थांबावं आणि तपासणी विकत घ्यावी. हद्द कुठे आखायची हे मला असं दिसतं : जो सेन्सर वरून दिसतो, थंड इंजिनावर मोजता येतो आणि निघाल्यावर जीवाला धोका होत नाही, तो घरचा. डिझेलच्या कॉमन रेलवरचा प्रेशर सेन्सर कधीही घरचा नाही, तिथे इंधन हजार बारहून जास्त दाबाखाली असतं आणि तो फवारा कातडी भेदून आत जातो. एअरबॅगच्या वायरिंगला आणि ब्रेकच्या एबीएसला हौसेने हात लावू नये.

मालक : हद्द मान्य. पण तुम्ही तक्त्याशी ताडा म्हणता, तो तक्ता मला देतं कोण? वायरिंगची आकृती, ओहमचे आकडे, बोल्ट किती आवळायचा, हे सगळं कंपनीच्या कुलपात. मी परदेशातल्या दुसऱ्याच गाडीचे आकडे बघून काम करतो.

मिस्त्री : त्यात तुम्ही आणि मी एकाच होडीत आहोत, साहेब. मलाही देत नाहीत. नव्या बीएस-६ गाड्यांत काही पार्ट बसवले तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरनं ओळख पटवल्याशिवाय चालत नाहीत.

इथे दोन्ही पक्ष एका बाजूला येतात, आणि मला हाच या वादातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी : स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती न देता दुरुस्तीचा बाजार आपल्याच हातात ठेवल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही आयोगाने बजावलं. दंडाचा वाद पुढे न्यायालयांत गेला, पण आयोगाने मांडलेलं तत्त्व त्यामुळे पुसलं जात नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी स्वतः मतदान करून गाडी दुरुस्तीची माहिती मिळण्याचा कायदा आणवला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पुढे पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती उपकरणं यांच्या जोडीला वाहनंही त्यात घेतली. ही सुरुवात चांगली आहे, पण नुसत्या हेल्पलाइनचे नंबर आणि माहितीपुस्तिका पुरेशा नाहीत. प्रत्येक मॉडेलची वायरिंग आकृती आणि सेन्सरचे तपासणी-आकडे, माफक शुल्क घेऊन का होईना, कुणालाही मिळाले पाहिजेत.

कंपन्यांची बाजू अशी की माहिती मोकळी केली तर अर्धवट लोक प्रदूषण-यंत्रणेशी आणि चोरीविरोधी कुलपांशी खेळतील. किल्ली आणि इमोबिलायझरची माहिती वेगळी ठेवावी, हे मला मान्य. पण थर्मिस्टर ८० अंशांना किती ओहम दाखवतो, यात चोराला उपयोगी असं काय आहे? आणि प्रदूषणाचं म्हणाल, तर माहिती दडवल्याने प्रदूषण वाढतं. दिवा लागलेला असताना 'चालतेय ना गाडी' म्हणत महिनोन्महिने फिरवणारे आपल्या रस्त्यांवर कमी नाहीत, आणि त्यातले बरेच बिलाच्या धास्तीने तसं करतात. जाड मिश्रणावर चालणारी गाडी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करते, आणि आत प्लॅटिनम, पॅलेडियम, र्‍होडियम असलेला तो भाग सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो.

एक आक्षेप अजून उरतो, सुट्या भागांच्या अस्सलपणाचा, आणि तो मालकाला सहज झटकता येणार नाही. घरी काम करणारा बहुधा किमतीला भुलतो. नकली सेन्सर बसतो, दिवाही विझतो, पण त्याचा तापमानाचा आलेख मूळच्या सेन्सरशी जुळत नाही. म्हणजे कोड जातो आणि ते हद्दीतलं खोटं बोलणं नव्याने सुरू होतं. जुन्या भागावरचा नंबर वाचून, बिल देणाऱ्या दुकानातून, तोच नंबर घ्यावा. बसवण्याआधी नव्या सेन्सरचे ओहम मोजावेत, हेही पाच मिनिटांचं काम. कोकणात खाऱ्या हवेने पिना खराब होतात, तिथे सेन्सरपेक्षा कपलरची सफाई आणि त्यावरचं रबरी सील यांनीच निम्मी दुखणी बरी होतील, असं गॅरेजवाले सांगतात ते पटण्यासारखं आहे.

तेव्हा मालकांना माझं सांगणं असं. दिवा लागला तर पहिल्याच झटक्यात कोड पुसू नका. कोडासोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या वेळी वेग किती, आरपीएम किती, कूलंट किती तापलेलं, फ्युएल ट्रिम किती, हे सगळं तिच्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं. आधी त्याचा स्क्रीनशॉट काढा. घरी मोजता येईल तेवढं मोजा आणि आकडे लिहून ठेवा. तिथून पुढे जमत नसेल तर ते आकडे घेऊन मिस्त्रीकडे जा, 'तपासणीचे किती?' असं आधी विचारा, ते पैसे घासाघीस न करता द्या आणि दोष कशावरून ठरला ते मीटरवर दाखवायला सांगा. मिस्त्रींनीही बिलात तपासणीचा रकाना वेगळा काढावा आणि तो दर भिंतीवर लावावा. दिवा स्थिर असेल तर या सगळ्याला वेळ आहे. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातंय. तेव्हा घरी, गॅरेज काहीच नको, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि टो करून न्या.